एसटीच्या पाटीवरची गावं

ठाण्यातून बाहेर पडायचं म्हटलं की आधी माजिवड्याच्या पुलाखाली तपश्चर्या करावी लागते. कुणाला नाशिककडे जायचं असतं, कुणाला घोडबंदरला वळायचं असतं, आणि सगळ्यांना ते रविवारी सकाळी आठलाच करायचं असतं. एकदा त्यातून सुटलं की माणूस गाडी अशी हाणतो, जणू मागे कुणी लागलंय. मॅप दोन तास दहा मिनिटं दाखवतोय ना, मग आपण दोन तासांत पोचून दाखवायचं! पोचायचं कुठे, तर एका रिसॉर्टवर. तिथे निळ्या फरशीचा तरणतलाव, बुफेत पनीर, संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता. शहापूरजवळच्या अशाच एका ठिकाणी माझी मुलं कितीतरी वेळा जाऊन आली आहेत आणि शहापूर हे गाव हायवेच्या डावीकडे की उजवीकडे, हे त्यांना विचारलं तर सांगता येत नव्हतं.

आमच्या घरातला हा शिरस्ता मोडला तो आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं कल्याण आणि ठाणे आगारात गेली. त्यामुळे त्यांच्या डोक्यातला ठाणे जिल्हा हा किलोमीटरचा नाहीच, पाट्यांचा आहे. मुरबाडमार्गे टोकावडे. भिवंडीमार्गे वाडा. विक्रमगडमार्गे जव्हार. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली, पण वाडा आणि जव्हार अजूनही त्यांच्या बोलण्यात ठाणे जिल्ह्यातच असतात, आणि आम्हीही आता दुरुस्ती करायचं सोडून दिलंय.

एका रविवारी पुन्हा त्याच तरणतलावाचा विषय निघाला तेव्हा आबा म्हणाले, "पोहायला ठाण्यात तलाव कमी आहेत का? पाटीवर ज्या गावाचं नाव असतं ना, त्या गावात चला. गावाजवळ नाही, गावात."

त्यांची गाव बघण्याची रीत ठरलेली. गाडी आधी एसटी स्टँडवर न्यायची. आत नाही, आत खाजगी गाडी नेली तर ते स्वतःच ओरडतील. बाहेर कुठेतरी लावायची. मग चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहून वेळापत्रकाचा फळा वाचायचा. आम्हाला तो फळा म्हणजे नुसती नावं. आबांना त्यातून गाव कळतं. सकाळी सहाच्या आत किती गाड्या सुटतात यावरून कामाला बाहेर जाणारी माणसं किती ते कळतं. खेड्यांकडून येणाऱ्या गाड्या कुठल्या वारी जास्त, त्यावरून आठवडी बाजाराचा वार. संध्याकाळी गेलेली गाडी सकाळीच परत येत असेल तर ती मुक्कामी, म्हणजे त्या टोकाला अजून रस्ता संपतो. मग चहा. चहा स्टँडच्या कँटीनचाच, तो कसाही असला तरी. (तो बहुतेक वेळा कसाही असतोच. आणि स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण हा लेख मला सभ्य भाषेत पूर्ण करायचा आहे.)

स्टँडवरून बाहेर पडलं की तालुक्याचं गाव आपोआप उलगडत जातं. तहसील कचेरी, तिच्या समोर टंकलेखन आणि स्टँपपेपरवाले, ग्रामीण रुग्णालय, त्याच्या समोर औषधांची दुकानं आणि शहाळीवाला, मग बाजारपेठ, पेठेत भांड्यांची, बी-बियाण्यांची, सोनाराची दुकानं, आणि टोकाला देऊळ किंवा तळं. धाकट्याला सुरुवातीला हे महाकंटाळवाणं वाटायचं. "इथे बघायचं काय आहे?" हा त्याचा पेटंट प्रश्न. त्याला मी कधी उत्तर दिलं नाही. त्याला तिसऱ्या दुकानात दोरखंड विकणारा माणूस दिसला की तो स्वतःच थांबतो.

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात अनपेक्षित म्हणजे लोनाड. भिवंडी बायपासवरून आपण सगळे जातो ते दोन्ही बाजूंच्या गोदामांना नावं ठेवत. सोनाळ्याकडून आत वळलं की ती गोदामं बराच वेळ पिच्छा सोडत नाहीत, आणि मग मध्येच शेत लागतं, टेकडीत कोरलेलं लेणं लागतं, आणि गावात शिलाहारांच्या काळातलं, पडझड झालेलं शिवमंदिर. अंबरनाथचं मंदिर सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. गर्दीही तशीच असते. लोनाडला आम्ही गेलो तेव्हा देवळात आमच्याशिवाय एक म्हातारबाबा होते, ते झोपले होते.

लोनाडजवळच्याच चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाचा तेराव्या शतकातला लेख आहे, दगडावर कोरलेलं दानपत्र. असल्या दगडाला गधेगाळ म्हणतात. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावं. मध्ये मजकूर. आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रात काढलेली. गाढव आणि बाई. कोकणात असे दगड ठिकठिकाणी सापडतात. धाकट्याने अर्थातच तेच विचारलं, जे कुणीही विचारेल. नवरा एकाएकी मोबाइलला रेंज शोधायला लागला. मी "ती शिवी आहे" एवढं सांगून थांबले. लेक नववीत आहे, तिने बरोबर ओळखलं आणि म्हणाली, "दान मोडणार पुरुष आणि शिवी त्याच्या आईला?" आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाकडे याचं उत्तर नसणार, माझ्याकडेही नव्हतं.

पण मला खरं लिहायचंय ते मुरबाडच्या रस्त्याबद्दल.

कल्याणहून शहाड, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदीचा पूल, आणि पुढे मुरबाड. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार हे आबा नोकरीला लागल्यापासून ऐकत आहेत, त्यामुळे अलीकडे कुणी बातमी वाचून दाखवली की ते नुसते "हो का" म्हणतात. रेल्वे नाही म्हणून स्टँडला मान आहे. जूनच्या तोंडाशी गेलात तर स्टँडच्या बाहेर ठाकूर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसतात. आम्ही गेलो तेव्हा शेवळं होती. पहिल्या पावसाच्या आगेमागे थोडेच दिवस येतात, आणि ठाण्याच्या बाजारात त्यांची किंमत ऐकून माणूस जुडी हळूच परत ठेवतो. इथे त्या बाईने जुडी सोडून एक शेवळ माझ्यासमोर सोललं. वरचं जांभळट आवरण काढलं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग नखाने खुडून बाजूला टाकला आणि म्हणाली, "ह्यो ऱ्हायला तर रातभर घसा खाजवत बसशीला." मग न मागता मूठभर काकडं पिशवीत टाकली. काकडाच्या आंबट फळाशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, खाज त्याने मरते. मला हे माहेरी शिकवलेलं होतंच, पण मी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. पुन्हा कुणी एवढं प्रेमाने दटावणार आहे थोडंच!

मुरबाडच्या पुढे हा रस्ता टोकावडे, वैशाखरे करत माळशेज घाटाला लागतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर जे काही चालतं ते धबधब्याखालच्या नाचाचं आहे, त्याबद्दल माझं मत न विचारलेलं बरं. वैशाखऱ्याच्या पुढे मात्र थांबावं. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून वर आलेला नानाचा अंगठा. त्याच्या बाजूच्या खिंडीतून नाणेघाट चढतो. कॉलेजात असताना मी तो चढलेय. आबांच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं, म्हणून आम्ही खालूनच बघितलं, आणि मी वर काय आहे ते सांगत राहिले. वर गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कुठले यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे किती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती, अशी लांबलचक यादी. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित आकड्यांपैकी आहेत. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या खिंडीने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून तो दाखवतात.

"म्हणजे तेव्हासुद्धा टोल होता?" धाकट्याने विचारलं.

"मग! आणि फास्टॅग नव्हता," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. मुरबाडला आपण आडबाजूचं गाव म्हणतो, कारण आपण नाशिकच्या हायवेवर उभे राहून बोलतो. दोन हजार वर्षांच्या हिशोबात बघितलं तर मुरबाडची वाट हीच राजरस्त्याची वाट, आणि आपण ज्या रुंद रस्त्यावरून पळतो तो कालचा पोरगा. माणसं, बैल, मीठ, कापड, सगळं इथून वर गेलं. ज्या गावांना आपण "वाटेत काही नाही" म्हणून सोडून देतो, ती बहुतेक गावं घाट चढण्याआधीच्या मुक्कामाची, नदी उतरायच्या जागेची, बाजाराची आहेत. रस्ता त्यांच्यासाठी झाला होता. आताचा रस्ता त्यांना चुकवण्यासाठी होतो.

मुरबाडहून कर्जतच्या बाजूला म्हसा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर गुरांचा बाजार. आबांनी या जत्रेच्या जादा गाड्या वर्षानुवर्षं सोडल्या आहेत, त्यामुळे जत्रेत शिरताना त्यांची चालच बदलली. थंडी कडाक्याची, तिथली घोंगडी प्रसिद्ध, आणि नवऱ्याने ती घेतलीच. आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती कधी पांघरणार देव जाणे. पण बघण्यासारखा होता तो बैलांचा सौदा. दोन माणसं हात धरून उभी, हातांवर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली बोटांची हालचाल. भाव बोटांनी चालला होता. भोवती उभ्या दहाजणांपैकी कुणालाच कळू नये म्हणून. तोंडाने मात्र दोघंही पावसापाण्याचं बोलत होते. मध्येच एकाने हात झटकून सोडवला, दोन पावलं गेला, दुसऱ्याने मागून धरून आणला, पुन्हा उपरणं. धाकटा तोंड उघडं टाकून तासभर तिथेच उभा राहिला. सौदा शेवटी मोडला. का मोडला, कितीवर अडला, हे त्या दोघांनाच माहीत. त्याने घरी येऊन बहिणीशी याच पद्धतीने रिमोटचा सौदा करायचा प्रयत्न केला. ते असो.

शहापूरला आम्ही शेवटी गेलोच, रिसॉर्ट वगळून. गावात उभं राहिलं की माहुलीचे सुळके समोर दिसतात. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे इथेच शरणागती पत्करावी लागली. मुलांना हे पाठ्यपुस्तकातून ठाऊक होतं, किल्ला इतका घराजवळ आहे हे ठाऊक नव्हतं. तानसाकडे गेलो. तानसाचं धरण १८९२ सालचं, मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधलेलं. तिथून निघालेल्या जलवाहिन्या रस्त्याला धरून चालतात, आणि ठाण्यातही आपण त्यांच्या कडेने रोज ये-जा करतो. तानसा, मोडकसागर, भातसा, सगळी याच तालुक्यात. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात, हे दरवर्षी पेपरात छापून येतं. आम्ही जिथे चहा घेतला त्या टपरीवर निळं पिंप होतं. धाकट्याने हात धुवायला नळ कुठाय विचारलं. टपरीवाल्या ताईंनी पिंपातून एक तांब्या काढून दिला आणि रस्त्यापलीकडच्या जाडजूड पाइपाकडे हनुवटीने दाखवत म्हणाल्या, "नळ? नळ काय, तुमच्याकडे गेलाय." बोलण्यात राग नव्हता, उलट हसल्याच. आम्ही हात जरा कमी पाण्यात धुतले.

नवी मुंबईच्या बाजूला आम्ही कमी गेलो, कारण तिकडे कंटेनरच्या रांगेत अडकलं की आबांचीही पाटी कामाला येत नाही. तरी उरणजवळचं चिरनेर बघितलं. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे. गोवा हायवेला पनवेलच्या पुढे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. दोन्ही गावं बंदराच्या आणि विमानतळाच्या उलाढालीत अशी घेरली गेली आहेत की लवकर जाऊन यावं.

वाड्याच्या वाटेवर वज्रेश्वरीला थांबलो ते आबांच्या आग्रहाने. वसई घेतली तर देऊळ बांधीन असा चिमाजी अप्पांचा नवस, १७३९ ला वसई पडली आणि नवस फेडला. अकलोलीची गरम पाण्याची कुंडं मात्र मुलांना देवीपेक्षा आवडली. वाड्यात मी तांदूळ घ्यायला गेले. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. इथली माणसं त्याला झिणी म्हणतात. दुकानदार काकांनी आधी विचारलं, "ठाण्यात कुठला घेता?" मी म्हटलं, वाडा कोलमच. ते बराच वेळ हसले. "वहिनी, ठाण्या-मुंबईत जेवढा वाडा कोलम विकतात ना, तेवढा पिकवायला आम्हाला गुजरातपर्यंत शेती करावी लागेल." मग पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर पसरले, बोटाने एकेक बाजूला सारत दाखवायला लागले: हा बारीक, टोकाशी निमुळता, पांढरा असला तरी दुधी नाही. दुसऱ्या मुठीत दुसरा तांदूळ. दोन्ही हात माझ्या नाकाशी आणले. वासात फरक होता, खरंच होता. भाव ऐकल्यावर तो आणखी स्पष्ट झाला. पाच किलो घेतला.

वाड्यापासून पुढे विक्रमगड आणि जव्हार. रस्त्याबद्दल बोलत नाही; आबा म्हणाले, "आमच्या वेळी याहून वाईट होता," आणि नवरा म्हणाला, "तुमच्या वेळी गाडी सरकारी होती." जव्हार मला सगळ्यात आवडलं. मुकणे घराण्याचं संस्थान, १९४८ साली विलीन झालेलं, डोंगरावरचं थंड गाव. गावाबाहेर राजवाडा आहे, आणि शिरपामाळ, जिथे सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले होते असं सांगतात. पण आम्ही जास्त वेळ काढला तो बाजारात. आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेल्या वारली, कोकणा बायका, टोपल्या, नाचणी, सुकी मासळी. लेकीच्या चित्रकलेच्या वर्गात वारली चित्रं काढून घेतात, ती नेहमी लग्नाचा चौक आणि तारपा नाच. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली हे तिला माहीत होतं. तारपा प्रत्यक्षात केवढा असतो हे माहीत नव्हतं. एका दुकानात लटकवलेला बघितला आणि फुंकून बघू का विचारलं. दुकानदाराने दिला. तिच्याकडून नुसती हवा गेली. त्याने स्वतः फुंकला तेव्हा समोरच्या रांगेतल्या तीन बायकांनी वळून बघितलं आणि एकीने त्याला काहीतरी टोमणा मारला, ज्यावर सगळ्या खदखदून हसल्या.

आबा तोवर स्टँडवर. इथे त्यांनी मुक्कामी गाड्यांवर बऱ्याच रात्री काढल्यात; शेवटच्या पाड्यावर गाडी लावायची, कुणाच्या तरी घरून भाकरी यायची, झोपायचं गाडीतच, मागच्या लांब सीटवर. मला वाटलं, कुणी जुनं भेटेल. कुणी भेटलं नाही. खिडकीतला मुलगा नव्या पिढीचा, त्याने मात्र आबा कोण ते कळल्यावर आत बोलावून चहा दिला आणि गाड्या कमी, चालक कमी, अशी सगळी गाऱ्हाणी ऐकवली. आबा खुशीत बाहेर आले. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हा नवरा आम्हाला हौसेने तिथे घेऊन गेला होता. ७६ किलोमीटर, बोगदे एकाहून एक, कसारा घाट कधी गेला कळलंच नाही. आबा तेव्हा पूर्ण वेळ गप्प होते. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाले, "रस्ता चांगलाय. पण मधे कुणाला उतरायचं असेल तर?"

जव्हारहून परतताना लेकीने विषय काढला की पुढच्या वेळी एसटीनेच जाऊ. नवऱ्याने लगेच पार्किंग, सामान, वेळ असे मुद्दे मांडले. तिने हिशोब मांडला. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे ती आणि मी अर्ध्यात. धाकटा बाराच्या आतला, तोही अर्ध्यात. आबा पंचाहत्तरीच्या पुढे, त्यांना फुकट. "पूर्ण तिकीट फक्त बाबांचं."

"म्हणजे मी एकटा पैसे भरणार, आणि खिडकी कुणाला?" नवरा म्हणाला.

"खिडकी पाहिजे असेल तर खोपटहून पहिल्या गाडीला बसायचं," आबा मागून म्हणाले. "साडेपाचला स्टँडवर. आणि रुमाल टाकून जागा धरायची नाही, मला चालत नाही."